कन्हानचं पाणी जिथं जातं

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलात की आधी कामठीची छावणी लागते, आणि ती मागे पडली न पडली तोच येते कन्हान! नदीचं नाव कन्हान आणि पलीकडच्या काठावरच्या गावाचं नावही कन्हान. नदीवर इंग्रजांच्या काळातला जुना दगडी पूल आहे. त्याच्या शेजारी नवा पूल आहे आणि थोड्या अंतरावर रेल्वेचा. हावड्याकडे जाणाऱ्या गाड्या त्यावरून धडधडत जातात. रामटेकला जाणारा रेल्वेचा फाटा इथंच फुटतो, म्हणून हे नुसतं कन्हान नाही, ‘कन्हान जंक्शन’ आहे बरं का! आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत, कामगारांच्या वस्त्या आहेत. ट्रकांची वर्दळ तर दिवसरात्र.

या नदीचं पाणी येतं कुठून? वर मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या डोंगरांतून. कन्हान गावाच्या जवळच तिला पेंच नदी येऊन मिळते. त्यातलं काही पाणी पंपांनी उचलून नागपूरच्या नळांना जातं. आणि उरलेलं?

“समुद्राला!” असं तुम्ही चटकन म्हणाल. बरोबर आहे. पण समुद्र फार लांब. मधे हे पाणी ज्या मुलखातून जातं, तिथं एक फार मोठी गोष्ट घडली आहे. ती पाहायला आज आपण पाण्याच्या मागोमाग निघू या.

दोन वाटा, एक गाव

पाण्याची वाट अशी : कन्हान नदी मौद्यावरून पुढे जाते आणि आंभोऱ्याला वैनगंगेला भेटते. आंभोऱ्याला पाच नद्यांचा संगम आहे असं म्हणतात. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ इथंच रचला, असं या भागातली माणसं अभिमानानं सांगतात. इथून पुढे कन्हानचं नाव संपतं. पाणी मात्र वैनगंगा होऊन गोसीखुर्दच्या धरणात जातं, पवनीवरून, वडसा-आरमोरीवरून थेट गडचिरोली जिल्ह्याच्या कडेकडेनं वाहत राहतं.

आपली वाट एस.टी.ची. नागपूरहून उमरेड, मग तिखट मिरचीसाठी नावाजलेलं भिवापूर, मग नागभीड, ब्रह्मपुरी. खिडकीतून बघा. कापसाची काळी रानं मागे पडून धानाच्या बांध्या सुरू होतात. जागोजागी तळी आणि बोड्या दिसतात. ही ‘झाडीपट्टी’. दिवाळी सरली की इथल्या गावोगाव रात्रभर नाटकं रंगतात. ब्रह्मपुरी सोडली की एक मोठा पूल येतो. खाली वैनगंगा! कन्हानच्या पुलाखालून गेलेलं पाणी इथं पुन्हा भेटतं. पूल ओलांडला की आरमोरी, आणि मग गडचिरोली. नागपूरपासून साधारण पावणेदोनशे किलोमीटर.

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. जिल्ह्याचा बहुतेक भाग जंगलाचा. साग, बांबू, मोह आणि तेंदू. गोंड आणि माडिया लोकांची वस्ती. आपल्याला अजून थोडं पुढं जायचंय. धानोऱ्याच्या रस्त्यानं सतरा किलोमीटरवर, चातगावजवळ, झाडांच्या सावलीत एक वस्ती आहे. तिचं नाव ‘शोधग्राम’.

बाराशे-तेराशे नाही, एकशेएकवीस!

शोधग्राम उभं केलं डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी. दोघंही नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकले. म्हणजे तेव्हा कन्हानचं पाणी त्यांनीही प्यायलं असणार! पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन १९८६ मध्ये गडचिरोलीत काम सुरू केलं. त्यांच्या संस्थेचं नाव ‘सर्च’. शोधग्राममध्ये सगळे त्यांना ‘नायना’ आणि ‘अम्मा’ म्हणतात.

त्यांनी आधी काय केलं असेल? मोजलं. गावोगाव फिरून जन्म मोजले आणि मृत्यूही मोजले. १९८८ मध्ये आकडा निघाला १२१. जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२१ बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच जात होती. आकडा लहान वाटतो ना? बाराशे-तेराशे असता तर दचकलो असतो! मग असं करा. तुमच्या वर्गात पन्नास मुलं आहेत असं धरा. त्यातली सहा बाकांवरून पुसून टाका. तो आकडा म्हणजे हे.

एका पावसाळी संध्याकाळी एक तरुण आई आणि तिची आई एक हडकुळं, आजारी बाळ घेऊन बंगांच्या घरी धावत आल्या. डॉक्टर तपासेपर्यंत बाळ गेलं. ते बाळ का गेलं, याचा डॉक्टर नंतर विचार करत बसले. आई पोटुशी असताना पोटभर जेवली नव्हती, बाळ कमी वजनाचं जन्मलं, दूध नीट मिळालं नाही, उपचार भलत्याकडे झाले, दवाखाना लांब, मधे पुराचा नाला... अशी एकामागून एक कारणं मोजत गेले, तर ती भरली अठरा! अठरा कड्यांची साखळी. गरिबी, रस्ते, शिक्षण, सगळं सुधारायचं म्हटलं तर किती वर्षं लागतील? तोवर बाळं थांबतील? मग त्यांच्या ध्यानात आलं, की साखळी तुटायला सगळ्या कड्या तोडाव्या लागत नाहीत. एक तुटली तरी पुरते. पण कोणती?

आधी विचारा, मग औषध द्या

याआधी त्यांना एक धडा मिळाला होता. सुरुवातीला त्यांनी आदिवासींमधल्या सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा अभ्यास केला होता. शास्त्र म्हणून अभ्यास चांगला होता. पण लोकांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांची दुखणी वेगळीच होती! तेव्हापासून गावात आधी लोकांना विचारायचं, हा नियम ठरला.

दवाखाना बांधतानाही विचारलं. लोक म्हणाले, मोठ्या दवाखान्यात आम्हांला भीती वाटते. तिथं सगळे पांढऱ्या कपड्यांत फिरतात आणि आमच्याकडे पांढऱ्या कापडात गुंडाळतात ते मेलेल्या माणसाला! आजाऱ्यापाशी घरच्यांना राहू देत नाहीत, तेही त्यांना पटत नव्हतं. म्हणून शोधग्रामचा दवाखाना गोंडांच्या गावासारखा झाला. सुटी सुटी घरं, नातेवाइकांना राहायला जागा. नावही लोकांच्या देवीचं, ‘माँ दंतेश्वरी दवाखाना’.

मणी सरकवा, जीव वाचवा

बाळांच्या मृत्यूचं एक मोठं कारण होतं न्यूमोनिया. या आजारात बाळाचा श्वास भराभर चालतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, आणि त्यापेक्षा मोठ्या, वर्षाच्या आतल्या बाळाचा पन्नास किंवा त्याहून जास्त झाला, की धोक्याची घंटा समजायची. म्हणजे निदान करायला मोठं यंत्र नको, मोजता आलं की झालं.

पण गावातल्या सुईणींना साठपर्यंत आकडे कुठे येत होते? मग त्यांच्यासाठी एक साधं साधन तयार झालं. त्यात मण्यांच्या दोन ओळी आणि सोबत एक मिनिटाची वाळूची घडी. घडी उलटी करायची. बाळाच्या पोटाकडे बघत दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. तान्ह्यासाठी सहावा मणी लाल, मोठ्या बाळासाठी पाचवा. वाळू संपायच्या आत लाल मण्याशी पोचलात, तर न्यूमोनिया! दहापर्यंत मोजता येणारी सुईणही आता निदान करू शकत होती. (तुमच्या धाकट्या भावंडाचा श्वास असा भराभर चालताना दिसला, तर मणी शोधत बसू नका. आईबाबांना सांगून तडक डॉक्टरांकडे न्या!)

आता नीट लक्ष द्या, कारण आपल्या प्रवासातलं खरं ठिकाण इथून सुरू होतं. हा उपाय चालतो की नाही, हे ठरवायचं कसं?

समजा, तुमच्या आजोबांनी धानाच्या बांधीत नवीन खत घातलं आणि पीक जोरात आलं. खतानंच आलं कशावरून? त्या वर्षी पाऊसच चांगला झाला असेल तर? म्हणून शहाणा शेतकरी काय करतो? एका बांधीत खत घालतो, शेजारच्या तशाच बांधीत घालत नाही. पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो. मग जो फरक दिसतो तो खताचा.

बंग दांपत्यानं हेच गावांच्या बाबतीत केलं. ५८ गावांत लोकांना न्यूमोनियाची माहिती दिली आणि गावातल्याच माणसांना शिकवून बाळांवर औषधोपचार सुरू केले. ४४ गावांत नेहमीच्या सरकारी सोयी होत्या तशा चालू राहिल्या. दोन्हीकडे जन्म-मृत्यूची नोंद सारख्याच काळजीनं ठेवली. न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू उपचाराच्या गावांत दुसऱ्या गावांच्या निम्म्याहूनही कमी निघाले. १९९० मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला.

दवाखाना चालत घरी येतो

तरी एक मोठी कडी शिल्लक होती. सगळ्यांत जास्त बाळं जात होती ती पहिल्या महिन्यातच. बाळंतपणं बहुतेक घरी व्हायची. बाळंतीण सव्वा महिना उंबरठ्याबाहेर पडत नाही, हा रिवाज तर आपल्याकडे कितीतरी ठिकाणी आहे. त्यातून पावसाळ्यात नाले भरलेले. एवढंसं बाळ घेऊन दवाखान्यात जाणार कोण? ठीक आहे, बाळ दवाखान्यात येत नाही ना? मग दवाखानाच बाळापाशी गेला तर?

१९९३ ते १९९८ या काळात हा प्रयोग झाला. ३९ गावं निवडली. प्रत्येक गावातली एक बाई निवडली, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली. तिला नाव मिळालं ‘आरोग्यदूत’. तिच्या पिशवीत थर्मामीटर, वजनकाटा, न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्याचं साधन, बाळाला ऊब देणारी झोळीसारखी पिशवी. बाळ जन्मलं की ती घरी जायची. पहिल्या दिवशी, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, मग आठवड्या-आठवड्यानं अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत. वजन करायची, अंग गार तर नाही ना बघायची, अंगावर पाजायला शिकवायची. रक्तात जंतू पसरल्याची लक्षणं दिसली तर आधी सांगायची, दवाखान्यात न्या. घरच्यांनी नाहीच नेलं, तर त्यांची संमती घेऊन ती स्वतः औषध आणि इंजेक्शन द्यायची. हो, सातवी-आठवी शिकलेली गावातली बाई, तान्ह्या बाळाला इंजेक्शन!

आणि तुलनेसाठी ४७ गावं. तिथं सरकारी आरोग्यसेवा आणि अंगणवाड्या होत्या तशा चालू. फक्त आरोग्यदूत नाही.

थांबा. तुमच्यापैकी कुणीतरी एव्हाना नक्की विचारलं असेल, “मग त्या सत्तेचाळीस गावांतल्या बाळांचं काय?”

शाबास! हा प्रश्न विचारायलाच हवा. तो सोपा नाही आणि त्याचं उत्तरही गोड नाही. त्या गावांमधलं काहीही काढून घेतलं नव्हतं, हे खरं. पण आरोग्यदूत असती तर तिथलीही काही बाळं वाचली असती, हे आज आपल्याला कळतं. आज! तेव्हा कुणाला ठाऊक होतं? घरी दिलेल्या सुईनं बाळाला अपाय झाला असता तर? सगळ्या गावांत एकदम सुरू करून उलटंच झालं असतं तर? ते कळायला दोन्ही बांध्या लागतात. आणि पुरावा नसता, तर चार माणसं “छान काम!” म्हणून घरी गेली असती आणि ते काम ३९ गावांतच राहिलं असतं.

आता निकाल ऐका. ३९ गावांत पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण आधी हजारी ६२ होतं. १९९७-९८ मध्ये ते २५.५ वर आलं. ४७ गावांत ते साठाच्या आसपासच राहिलं. कडी तुटली होती! डिसेंबर १९९९ मध्ये हा अभ्यासही ‘लॅन्सेट’मध्ये आला.

यात आरोग्यदूतांचं कौतुक झालं, डॉक्टरांचं झालं, ते योग्यच. पण त्या ४७ गावांनी आपल्या घरातली सुखदुःखं नोंदवू दिली नसती, तर २५ हा आकडा एकटा पडला असता. तो लहान आहे की मोठा, हे कुणाला सांगता आलं नसतं. म्हणून या यशात त्या गावांचाही वाटा आहे, तो विसरायचा नाही.

पाणी खाली, विद्या वर

पुढे ‘अंकुर’ या प्रकल्पात महाराष्ट्रात आणखी सात ठिकाणी हा प्रयोग झाला, खेड्यांत, आदिवासी भागात आणि शहरातल्या झोपडपट्ट्यांतही. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सांगितलं, नव्या बाळाच्या घरी भेटी द्यायलाच हव्यात. २०११ पासून भारत सरकारनं हे काम देशभरातल्या आशाताईंवर सोपवलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही.

म्हणजे बघा, पाणी कन्हानहून खाली गडचिरोलीकडे गेलं, आणि ही विद्या गडचिरोलीहून उलटी वर आली. कन्हानच्या एखाद्या कामगारवस्तीत आशाताई वजनकाटा घेऊन बाळाच्या दारात उभी राहते, तेव्हा तिच्या वहीतले ते दिवस चातगावच्या जंगलातून आलेले असतात.

एका ठिकाणी चाललं ते सगळीकडे चालेलच का? पश्चिम आफ्रिकेत घाना नावाचा देश आहे. तिथली खेडीही मातीच्या घरांची, हिवतापानं गांजलेली. १९९३ ते १९९५ मध्ये तिथं वस्त्यांचे ९६ गट करून अर्ध्या गटांना औषध लावलेल्या मच्छरदाण्या दिल्या, तर त्या गटांत बालमृत्यू १७ टक्क्यांनी कमी निघाले. मग २००८-०९ मध्ये त्याच देशातल्या दुसऱ्या भागात ९८ विभाग घेऊन नव्या बाळांच्या घरी भेटी देण्याचाही प्रयोग झाला. तिथं स्वयंसेवक बाळाला तपासत, सल्ला देत, आजारी असेल तर दवाखान्यात पाठवत. घरी औषधोपचार मात्र करत नसत. फरक फार थोडा पडला, गडचिरोलीइतका नाहीच. आणि तेवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडू शकतो, असं हिशेबात दिसलं. म्हणजे प्रयोग फुकट गेला? मुळीच नाही. उपाय उचलून नेला म्हणजे झालं असं नाही, नव्या गावात तो पुन्हा मोजून बघावा लागतो, हे त्यातून शिकायला मिळालं.

आणि गडचिरोलीत? १९८८ मध्ये जिथं हजारी १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती, तिथं त्या गावांमध्ये २००३ पर्यंत आकडा ३० वर आला. बंग दांपत्याला महाराष्ट्र भूषण मिळालं, २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. आरोग्यदूत मात्र थंडीवाऱ्यात पिशवी घेऊन घरोघर जातच राहिल्या.

गडचिरोलीला गेलात तर तिथून पुढे मार्कंड्याला जरूर जा. वैनगंगेच्या काठावरची दगडी देवळं बघण्यासारखी आहेत. पुढे ही नदी वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. प्राणहिता! प्राणांचं हित करणारी. नावही कसं शोभून दिसतं, नाही?

जाता जाता एक घरचा अभ्यास देऊ? आज रात्री जेवणं झाली की आजीजवळ बसा आणि हळूच विचारा, “आजी, तुम्ही भावंडं किती होता? त्यातली मोठी किती झाली?” पहिलं उत्तर ती लगेच देईल. दुसऱ्या उत्तराला कदाचित थोडी थांबेल. घाई करू नका. ती सांगेल ते दोन आकडे एका वहीत लिहून ठेवा, शेजारी आजीच्या गावाचं नावही लिहा. बंग डॉक्टरांचं कामही असंच एका वहीपासून सुरू झालं होतं.